रुसून बसलेला नट

नट रुसला की प्रयोग अडतो, हे पुण्यातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. पण आज ज्या नटाविषयी बोलायचंय तो रंगमंचावरचा नाही, घरातला आहे. खिडकीच्या ग्रिलचा, शिवणयंत्राचा, मुलीच्या सायकलीचा, माळ्यावर टाकलेल्या लोखंडी खाटेचा. चार महिने पावसाची ओल खातो, अंगावर तांबूस पापुद्रा धरतो, आणि दिवाळीची आवराआवर काढली की जागचा हलायला तयार नसतो.

मग घरोघरी एकच नाटक होतं. आधी आपण हाताशी असेल ती पक्कड लावून बघतो. ती दोनदा घसरते. मग यजमानांना हाक. ते म्हणतात, "रविवारी बघू." तो रविवार उजाडतो तेव्हा ते दात-ओठ खाऊन जोर लावतात. नटाचे कोपरे झिजून तो गुळगुळीत गोल होतो, नाहीतर बोल्टचं डोकंच तुटून हातात येतं. मग कोणीतरी म्हणतं, माणूस बोलवा. आणि एका नटासाठी पुण्यात माणूस मिळणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायचं?

तर मैत्रिणींनो, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. गंजलेला नट सुटत नाही तो आपल्या मनगटात जोर कमी म्हणून, हा समज आधी डोक्यातून काढा. ज्यांच्या मनगटात जोर जास्त, त्यांच्याच हातून बोल्ट जास्त तुटतात. ह्या कामाला लागतं पातळ तेल, मापाचा पाना आणि रात्रभर वाट बघायची तयारी. रोज रात्री दही लावणाऱ्या बाईला वाट कशी बघायची हे काय शिकवायचं!

शिवाय नट-बोल्ट ही वस्तू आपल्याला परकी आहे असंही नाही. कानातल्या कुडीची फिरकी आठवा. कुडीच्या दांडीवर बारीक आटे असतात, फिरकीच्या आत तसेच आटे असतात, आणि एकात एक गुंतले की कुडी पडत नाही. हाच तो नट, हाच तो बोल्ट. फिरकी तिरकी बसली तर आपण ती जोरानं आवळत नाही, उलटी फिरवून पुन्हा सरळ लावतो. आटे झिजले की ती नुसतीच गरगर फिरते, मग आपण सोनाराकडे जातो. लहानपणापासून हे सगळं आपली बोटं ओळखतात. फक्त वस्तू लोखंडाची आणि हातभर मोठी झाली, की ते 'पुरुषांचं काम' होऊन बसतं! गंमत अशी, की मराठी बायकांचं 'स्त्री' मासिक ज्या किर्लोस्करांनी १९३० साली काढलं, त्यांचा मूळ धंदा लोखंडाचाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान थाटलं, पुढे नांगर केले, १९१० साली किर्लोस्करवाडीला कारखाना उभा केला, आणि त्याच वाडीतून पुढे 'स्त्री'चे अंक छापून घरोघर जाऊ लागले. बायकांचं वाचन आणि नट-बोल्ट एकाच आवारात नांदत होते म्हणायचे.

नट अडतो कशाने?

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही एकदम मिळाली की गंज चढतो. नुसत्या पाण्यानं नाही, नुसत्या हवेनंही नाही. पाण्यात मीठ असेल तर काम आणखी झपाट्यानं होतं, म्हणून कोकणातल्या माहेरच्या खिडक्या पुण्याच्या खिडक्यांच्या आधी सडतात. पण खरी गोम पुढे आहे. लोखंडाचा गंज झाला, की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. भांड्यात काठोकाठ हरभरे भरून पाणी घातलंत आणि वर घट्ट झाकण दाबलंत तर सकाळी काय होईल? नट आणि बोल्टच्या मधल्या केसाएवढ्या फटीत तेच झालेलं असतं. गंज फुगतो, फट ठासून भरते, आणि दोन्ही तुकडे एकमेकांना पाचर मारल्यासारखे धरून बसतात.

आता ही पाचर जोरानं काढायला गेलं, तर तिच्याआधी बोल्ट तुटणार. तो बिचारा गंजून आधीच बारीक झालेला असतो. म्हणून पाचर सैल करायची. त्या फटीत काहीतरी पातळ शिरलं पाहिजे, आणि ते शिरायला वेळ दिला पाहिजे. बस्स, एवढंच ह्या कामाचं शास्त्र.

तेल कुठलं? खोबरेल नको, गोडं तेल तर मुळीच नको. खाण्याची तेलं दाट. ती बारीक फटीत शिरत नाहीत, आणि काही महिन्यांत हवेनं चिकट, राळेसारखी होतात. खोबरेल तर साधारण चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं. पुण्याच्या थंडीत न्हाणीघरातली बाटली कशी पांढरी पडते ते तुम्ही बघताच. शिवणयंत्राच्या पोटातही ते तसंच थिजतं, आणि मग मशीन 'जड' चालतं म्हणून आपण मशीनलाच बोल लावतो. पूर्वी स्टोव्हच्या निमित्तानं घरोघर रॉकेलची बाटली असायची. ते पाण्यासारखं पातळ, गंजात चटकन मुरणारं. गॅस आला तशी ती बाटली गेली. आता हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवणाऱ्या तेलाचे फवारे मिळतात. त्यातला डब्ल्यूडी-४० तर सगळ्यांच्या तोंडी आहे. हा अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीनं १९५३ साली तयार केला, तोही घरगुती कामासाठी नव्हे, तर अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून. पाणी हुसकून लावणारं मिश्रण चाळिसाव्या प्रयत्नात जमलं, म्हणून नावात ४०. एकोणचाळीस वेळा पाक बिघडल्यावर जमलेले लाडूच की ते! फवारा नसला, तर शिवणयंत्राच्या पातळ तेलाची छोटी बाटलीसुद्धा चालते. वेळ थोडा जास्त द्यावा लागतो इतकंच. मात्र रॉकेल असो वा फवारा, जवळ पेटती शेगडी, निरांजन, उदबत्ती काही नको. खिडकी उघडी ठेवा.

आता कृती. आधी जुन्या दातांच्या ब्रशनं, नाहीतर तारेच्या ब्रशनं, नटाभोवतीचा सुटा गंज, रंगाचे पापुद्रे, जळमटं झाडून काढा. बोल्टचा जो भाग नटाबाहेर डोकावतो, तिथले आटे स्वच्छ दिसले पाहिजेत, कारण नटाला बाहेर यायचंय ते ह्याच वाटेनं. मग नट आणि बोल्ट जिथे भेटतात तिथे थेंब-थेंब तेल सोडा. धार नको, ती नुसती फरशीवर जाते. शक्य तर दोन्ही बाजूंनी सोडा. मग हातोडीनं बोल्टच्या डोक्यावर आणि नटाच्या कडांवर हलके टकटक ठोके द्या. नारळाला घालतो तसे नाहीत, सुपारी फोडताना घालतो तेवढे. ह्या ठोक्यांनी गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल आत ओढलं जातं. बोल्टच्या आट्यांवर मात्र घाव घालायचा नाही. एकदा टोक चेपलं की नट त्यावरून बाहेर येणारच नाही.

एवढं करून झोपायला जा. सकाळी चहा टाकताना पुन्हा दोन थेंब, पुन्हा चार ठोके. संध्याकाळी पाना लावा. फारच जुना गंज असला तर दोन-तीन दिवस असं करावं लागतं. पहिल्या दहा मिनिटांत घाई करून जे बिघडतं ते पुढे कशानंच सुधारत नाही, म्हणून हे इतकं बजावते.

पान्याचं माप सांभाळा. घरात एकच पक्कड असते आणि तिनं खिळ्यापासून नळापर्यंत सगळं केलं जातं, पण पक्कड नटाला दोनच बाजूंनी चावते आणि कोपरे खाते. रिंगचा पाना असेल तर उत्तम. तो सहाही कोपऱ्यांना एकदम धरतो. त्यातही एक फसगत आहे. जुन्या सायकली, जुनी शिवणयंत्रं ह्यांचे नट इंचांच्या मापाचे असू शकतात. आट्यांना एकच प्रमाण असावं ही कल्पनाच इंग्लंडातल्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली मांडली, ती इंचांत. आणि आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ साली. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो खरा, पण ०.३ मिलिमीटर ढिला राहतो. सैल नटाला ते खपून जातं. गंजलेल्याला नाही, तेवढ्या ढिलाईत कोपरा जातो. असा पाना हवा असेल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअरची दुकानं आहेत, आणि हौस असेल तर जुन्या बाजारात धुंडाळा. नटाचा नमुना, नाहीतर निदान कागदावर उमटवलेला ठसा सोबत न्या. ब्लाऊजपीस मॅचिंगला नेतो तसा!

पाना लावताना तो आपल्याकडे ओढता येईल असा लावा. ढकलायला गेलात आणि नट एकाएकी सुटला, की बोटांची हाडं समोरच्या लोखंडावर आपटतात. आणि एक उलटी वाटणारी गोष्ट: आधी तो सोडवू नका, किंचित आवळा. अगदी केसभर. गंजाची पाचर तुटायला कुठल्याही दिशेची हालचाल चालते, आणि आवळण्याकडे ती पुष्कळदा लवकर मिळते. 'कट्' असा बारीक आवाज आला, की समजा रुसवा गेला. मग पाव फेरा सोडवा, पुन्हा थोडा मागे घ्या, तेल द्या, पुन्हा पाव फेरा. सरळ एका दमात फिरवत सुटलात, तर सुटलेला गंज पुढच्या आट्यांत साचून नट अर्ध्या वाटेत पुन्हा अडतो.

कुठल्या दिशेला फिरवायचं ह्यात कधीच घोटाळा नको. बरणीचं झाकण जसं उघडता, तसाच नट सुटतो. त्याच्या तोंडासमोर उभं राहून बघायचं, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट. खाली वाकून किंवा मागून हात घालून सोडवताना डोकं हटकून उलटं चालतं, तेव्हा मनातल्या मनात तिथे बरणी धरा. ह्याला अपवाद आहेत आणि ते नेमके घरातच असतात. टेबलफॅनचं पातं धरून ठेवणारी फिरकी उलट्या आट्यांची असते. ती काट्यांच्या दिशेनं फिरवली की सुटते. सायकलचं डावं पायडलही तसंच. ते सरळ आट्यांचं असतं तर पाय मारता मारता आपोआप निसटत गेलं असतं. अमेरिकेतले राइट बंधू विमानाच्या आधी सायकली करायचे, तेव्हा आपलं पायडल निसटत नाही हे ते मोठ्या अभिमानानं सांगायचे, ते ह्याच युक्तीच्या जोरावर. लक्षात ठेवायला सोपं हवं असेल, तर पाना पायडलच्या दांड्यावर उभा धरा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे न्या. दोन्ही पायडलं असंच केलं की सुटतात. सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात डावं पायडल उलटं आवळून आवळून किती जणांनी घाम गाळला असेल!

पाणी ओसरल्यावर

आता ज्या कारणासाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला त्याकडे येते.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. ज्यांनी ते पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी सासूबाईंना विचारावं. पाणी ओसरलं ते मागे गाळ ठेवून. वाड्यांच्या तळमजल्यावर जे जे होतं ते सगळं त्या गाळात गेलं: भांडी, ट्रंका, सायकली, शिवणयंत्रं. ते कधीकाळचं झालं म्हणावं, तर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुगला. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर ह्या भागांत घराघरांत पाणी शिरलं, माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांच्या खालच्या मजल्यांवर चढलं. म्हणजे पूर ही पुण्यात केवळ आठवणीतली गोष्ट राहिलेली नाही.

अशा पुरानंतर कपाटातले कपडे धुतले जातात, भांडी घासली जातात, आणि शिवणयंत्र मात्र कोपऱ्यात उभं राहतं. 'नंतर बघू' म्हणत आठ दिवस जातात. तोवर चाक फिरेनासं होतं, सुईच्या स्क्रूपासून पायडलच्या दांडीपर्यंत सगळं धरून बसतं, आणि भंगारवाला ते वजनावर घेऊन जातो. फॉल-बिडिंग आणि ब्लाऊज शिवून जी बाई घरखर्चाला हातभार लावते, किंवा सगळा घरखर्चच त्या मशीनवर चालवते, तिच्या दृष्टीनं हे फर्निचर भिजण्यासारखं नाही. आणि वाईट वाटतं ते अशासाठी, की जुनं काळं मशीन म्हणजे बिडाचं दणकट धूड. एवढ्यातेवढ्यानं मरणारं नव्हे. त्याला मारतो तो पाणी ओसरल्यानंतरचा आठवडा.

म्हणून ही कृती कापून ठेवा. मशीन पुरात भिजलं असेल, तर पहिली गोष्ट, चाक फिरवून बघू नका. आत बारीक रेती आहे, ती पॉलिश पेपरसारखी सांधे खरवडते. विजेवर चालणारी मोटर लावलेली असेल तर तिची पिन काढलेली आहे ना हे बघा, मोटर सोडवून वेगळी ठेवा; ती वाळवून तपासायचं काम कारागिराचं, घरी बटण दाबून बघायचं नाही. मग सुई, बॉबिन, बॉबिन केस काढा. सुईच्या खालची चकचकीत पट्टी दोन स्क्रूंवर असते, तीही काढा. तिच्याखाली कापड पुढे सरकवणारे दात असतात आणि सगळ्यात जास्त गाळ तिथेच सापडतो. आता विचित्र वाटेल, पण मशीनचं लोखंडी डोकं स्वच्छ पाण्यानं धुवा. आधीच भिजलंय, आता आणखी पाणी कशाला, असं मनात येईल. पण गाळ वाळला की दगड होतो. तो ओला आहे तोवरच निघतो. लोटीनं पाणी घालत, जुन्या ब्रशनं, कापसाच्या काडीनं सगळे कोपरे काढा.

धुतल्याबरोबर लगेच कोरड्या फडक्यानं टिपा आणि पंख्याखाली किंवा उन्हात ठेवा. इथे आळस नको. ओलं आणि उघडं लोखंड तासाभरातसुद्धा तांबूस दिसायला लागतं. कोरडं झालं की पाणी हुसकणारा फवारा, नाहीतर रॉकेल, प्रत्येक सांध्यात, प्रत्येक छिद्रात सोडा. मशीनच्या माथ्यावर, मानेवर जी बारीक भोकं असतात ती तेलासाठीच ठेवलेली आहेत. मग आत्ता कुठे चाकाला हात लावायचा. पूर्ण फेरा नको. पाळणा हलवल्यासारखं बोटभर पुढे, बोटभर मागे. अडलं तर तिथेच थांबा, तेल सोडा, दुसऱ्या दिवशी या. चाक मोकळं फिरायला लागेपर्यंत तीन-चार दिवस लागले तरी चालतील. शेवटी शिवणयंत्राचं खरं तेल द्यायला विसरू नका. रॉकेल काय किंवा फवारा काय, गंज सोडवतो आणि उडून जातो. त्याच्या भरवशावर ठेवलेलं मशीन दोन महिन्यांत पुन्हा कोरडं पडतं. पहिली शिवण जुन्या फडक्यांवर घाला. काळं तेल गिऱ्हाइकाच्या रेशमावर नको.

शेजारणीचं मशीन भिजलं असेल आणि ती माणसं-मुलं सावरण्यात गुंतली असेल, तर निदान धुऊन, पुसून, तेल सोडून ठेवण्याचं काम तुम्ही करून टाका. चिवड्याच्या डब्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

तरीही नाही सुटला तर?

तर गरम पाणी. आपण बरणीचं पत्र्याचं झाकण गरम पाण्यात धरून उघडतोच. लोखंडही तापलं की फुगतं, अगदी थोडं. दहा मिलिमीटरचं भोक शंभर अंशांनी तापवलं तर मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागानं वाढतं. पण गंजाला तडा जायला तेवढं पुष्कळ. उकळतं पाणी नटावर सावकाश ओता, हात सांभाळा, आणि नट तापलेला असतानाच पाना लावा. मेणबत्ती, पेटती काडी, गॅसची ज्योत असले प्रयोग नकोत. तिथे तेल मुरलेलं आहे.

स्क्रू असेल आणि त्याची खाच गेली असेल, तर खाचेवर रुंद रबरबँड ठेवून त्यावरून स्क्रू ड्रायव्हर दाबून फिरवा. पुष्कळदा पकड मिळते. नाहीतर हॅक्सॉच्या पात्यानं नवी खाच पाडा. नटाचे कोपरेच गेले असतील, तर सरळ त्याच पात्यानं एका बाजूनं नट चिरा. अहो, नट दोन-चार रुपयांचा. त्याच्यावर कसला जीव लावायचा! जपायचंय ते ज्यात तो बसलाय ते.

नळाच्या टोकाची जाळी अडली असेल तर ते बहुधा गंजाचं काम नसतं. खडकवासल्याचं पाणी गोडं, पण बोअरचं आणि टँकरचं जड. त्यातला क्षार पांढरा थर धरतो. तिथे तेलाचा उपयोग नाही. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तास-दीड तास गुंडाळून ठेवा, क्षार विरघळतो. जास्त वेळ ठेवलंत तर नळाची चकाकी जाईल. सुटून आलेले गंजके बोल्ट मात्र रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा चिंचेच्या कोळात बुडवायला हरकत नाही. सकाळी ब्रशनं घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, कोरडे करा, आणि परत लावताना आट्यांना ग्रीस नाहीतर व्हॅसलिन फासा. पुढच्या वर्षी हातानं सुटतील.

इतकं सगळं सांगितलं तरी काही ठिकाणी पाना लावायचाच नाही. गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर, त्याचं तोंड, शेगडीच्या नळीचा सांधा: तिथे तेलही नाही, ठोकाही नाही. एजन्सीला कळवा, आणि वास येत असेल तर १९०६ ह्या नंबरावर फोन करा. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह खरवडून 'चालता' करू नका, नवा बसवून घ्या. छताच्या पंख्याचा बोल्ट गंजलेला दिसला तर तो सोडवण्याचं नव्हे, बदलण्याचं काम आहे, आणि ते इलेक्ट्रिशियनचं. गॅलरीबाहेर काढलेली ग्रिलची पेटी ज्या बोल्टांवर भिंतीला धरलेली असते, त्यांनाही आपण हात लावायचा नाही. चौथ्या मजल्यावरून खाली काय पडेल सांगता येत नाही.

पण त्याच ग्रिलमध्ये एक छोटी झडप असते ना, संकटात बाहेर पडण्यासाठी ठेवलेली? ती तुम्ही शेवटची कधी उघडलीत? बहुतेक घरांत तिला कुलूप असतं, किल्ली कुठल्यातरी डब्यात असते, बिजागऱ्या रंगानं बुजलेल्या असतात आणि कडी गंजून एकजीव झालेली असते. पुढ्यात तुळशीची कुंडी आणि कपडे वाळत घालायचा स्टँड. आग लागली आणि जिन्यात धूर भरला, तर त्या कडीला रात्रभर तेल मुरवायला वेळ नसणार. म्हणून ते आज करा. मे महिन्यात पापड-कुरडयांची वाळवणं गॅलरीत पडतात, तेव्हा दरवर्षी बिजागऱ्यांना तेल, कडीला ग्रीस, आणि झडप पूर्ण उघडून पुन्हा बंद. किल्ली झडपेजवळच, घरातल्यांच्या हाताला येईल आणि बाहेरच्याच्या हाताला येणार नाही अशा खिळ्यावर. ती झडप घरातल्या मुलीला आणि सासूबाईंना एकट्यानं उघडता आली पाहिजे. तुमच्या यजमानांना उघडता येते, एवढ्यावर भागत नाही. ते दुपारी ऑफिसात असतात.

तसाच घरात येणाऱ्या पाण्याचा मेन कॉक. तो वर्षानुवर्षं उघडाच असतो, आणि ज्या दिवशी न्हाणीघरातला नळ तुटून कारंजं उडतं, त्या दिवशी आपण तो बंद करायला जातो. तेव्हा तो हलत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तो एकदा पूर्ण बंद करून उघडा. गोल चाकाचा असेल, तर पूर्ण उघडल्यावर अर्धा फेरा मागे घेऊन ठेवा, म्हणजे टोकाला जाऊन अडकून बसणार नाही. आत्ताच अडला असेल तर दांडीवर पाईप घालून पिरगाळू नका. दांडी जिथून आत जाते तिथे दोन थेंब तेल, आणि हातानंच थोडा इकडे, थोडा तिकडे, चार दिवस. तेवढ्यानंही हलला नाही, तर वरच्या टाकीचं पाणी बंद असेल अशा वेळी प्लंबरला बोलावून तो बदलून घ्या. आणि तो कुठे आहे, कुठल्या दिशेनं बंद होतो, हे मोलकरणीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकदा दाखवून ठेवा.